एलईडी भिंतीवर काकू रुंद का दिसतात?

गणपती जवळ आले की बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी या भागांतल्या मंडळांच्या बैठकीत मखर, वर्गणी आणि प्रसादाच्या जोडीला हल्ली एलईडीचा विषय निघतोच. स्टेजमागे पूर्वी रंगवलेला पडदा असायचा, तिथे आता दिव्यांची भिंत उभी राहते. मग दहा दिवस तिच्यावर काही ना काही चालू ठेवावं लागतं: आरतीचे शब्द, मागच्या वर्षीची मिरवणूक, मुलांचे नाच, देणगीदारांची नावं. आणि पहिल्याच संध्याकाळी कुठून तरी हा संवाद ऐकू येतो.

"अरे, माझं तोंड असं सुजल्यासारखं का दिसतंय?"

"एलईडीवर तसंच दिसतं, काकू."

"मग तुझ्या मोबाइलवर बरी दिसत होते ती?"

काकूंचा प्रश्न अगदी नेमका आहे आणि उत्तर चुकीचं आहे. एलईडीवर तसं दिसत नसतं. व्हिडिओची चौकट एका आकाराची होती, भिंत दुसऱ्या आकाराची होती, आणि मधल्या यंत्राने चित्र ताणून भिंतभर पसरवलं. ही चौकट आपल्याला हवी तशी ठरवता येते. जवळपास प्रत्येक एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय असते आणि तिचं नाव बहुतेक ठिकाणी 'कस्टम' असंच असतं. अडचण सोय सापडण्याची नसते. तिथे कोणते आकडे टाकायचे हे माहीत नसतं.

गोंधळ मांडवापुरताही उरलेला नाही. यूट्यूबने १५ ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंतचे उभे आणि चौरस व्हिडिओ 'शॉर्ट्स'मध्ये घ्यायला सुरुवात केली. इन्स्टाग्रामने जानेवारी २०२५ मध्ये प्रोफाइलवरचे चौरस तुकडे काढून ३:४ असे उभे केले, आणि ज्यांनी नऊ-नऊ चौरसांची सुंदर नक्षी मांडली होती त्यांचे मथळे रातोरात कापले गेले. चौकट दुसऱ्याच्या हातात आहे. ती बदलते, आणि आपल्याला तिच्या मापाने पुन्हा चित्र बसवावं लागतं.

आकार वेगळा, आकडा वेगळा

डिजिटल चित्र ठिपक्यांचं बनलेलं असतं. त्या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. 'फुल एचडी' म्हणजे आडव्या रांगेत १९२० ठिपके आणि अशा १०८० रांगा. लिहिताना रुंदी आधी, उंची नंतर: १९२० × १०८०. फ्रेम साइज म्हणतात ती हीच.

या दोन आकड्यांत दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एक म्हणजे आकार, अर्थात रुंदी आणि उंचीचं प्रमाण. १९२० × १०८० चं प्रमाण १६:९. दुसरी म्हणजे संख्या, एकूण किती ठिपके आहेत ते. इथे सुमारे २० लाख ७४ हजार. १२८० × ७२० घेतलं तर संख्या बरीच कमी होते, पण आकार तोच १६:९ राहतो. फोरके म्हणतात ते ३८४० × २१६० सुद्धा १६:९ च आहे, फक्त ठिपके चौपट.

संख्या चुकली तर चित्र थोडं धूसर होतं किंवा फाइल उगाच जड होते. आकार चुकला तर काकू रुंद होतात. लोकांची सगळी धडपड मात्र संख्येसाठी चाललेली असते, "एचडी आहे ना? फोरके आहे ना?" वगैरे. आकाराबद्दल कुणी विचारत नाही.

हे १६:९ कुणी ठरवलं?

बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली आपला पहिला चित्रपट लोकांपुढे आणला, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. ३५ मिलिमीटर रुंदीची पट्टी, तिच्या कडेच्या चार छिद्रांइतक्या उंचीचं एक चित्र, प्रमाण ४:३. पुढे टीव्ही आला, त्यानेही तेच प्रमाण उचललं. टीव्हीमुळे थिएटरं ओस पडू लागली तसे सिनेमावाले १९५० च्या दशकात रुंद पडद्याकडे वळले आणि २.३५ सारखी प्रमाणं रूढ झाली.

१९८० च्या दशकात नव्या टीव्हीसाठी एकच आकार ठरवायची वेळ आली तेव्हा जुनं ४:३ आणि सिनेमाचं २.३५ या दोन टोकांच्या मधलं प्रमाण काढण्यात आलं. दोन्हींचा गुणाकार करून वर्गमूळ घ्या, १.७७ येतं. तेच १६:९. दोन्हीकडच्यांना सारखंच गैरसोयीचं, म्हणून सर्वांना मान्य. आज टीव्हीवर आणि बहुतेक व्हिडिओंत तेच दिसत असल्यामुळे आपल्याला तो निसर्गनियम वाटतो, पण ती एक तडजोड आहे.

बसत नसेल तर तीनच वाटा

फोटो फ्रेम करणाऱ्याच्या दुकानात आजोबांचा उभा फोटो घेऊन जा आणि म्हणा, ही आडवी चौकट आवडली, हिच्यात बसवा. तो दोन पर्याय देईल. फोटो पूर्ण ठेवतो, पण दोन्ही बाजूंना माउंटचा कागद दिसेल. किंवा चौकट पूर्ण भरतो, पण खालून-वरून फोटो कापावा लागेल. तिसरा पर्याय कुठलाही शहाणा फ्रेमवाला देणार नाही, कारण कागद ताणता येत नाही. सॉफ्टवेअरला मात्र ताणता येतं आणि ते बिनदिक्कत ताणतं.

तीच तीन नावं सॉफ्टवेअरमध्ये भेटतात: 'फिट', 'फिल' आणि 'स्ट्रेच'. फिट म्हणजे माउंटचा कागद, इथे काळ्या पट्ट्या. फिल म्हणजे कापाकापी. स्ट्रेच म्हणजे काकू. चित्र मोठं-छोटं करून बसवायचं तर चौथी वाट नाही. हे एकदा मनात पक्कं बसलं की कुठल्याही सॉफ्टवेअरच्या कुठल्याही मेनूत आपण काय निवडतो आहोत हे कळतं, नावं कितीही बदलोत.

भिंत फुटांत मोजतात, व्हिडिओ ठिपक्यांत

आता मांडवात येऊ. मंडळाला विचारलं की एलईडी केवढी, तर उत्तर येतं, "सोळा बाय साडेसहा". हे फूट झाले. भाडं ठरवायला उपयोगी, एडिटिंगला नाही.

एलईडी भिंत चौकोनी डबे जोडून उभी करतात. भाड्याने मिळणाऱ्या भिंतींत अर्धा मीटर बाय अर्धा मीटरचा डबा पुष्कळदा दिसतो. दोन दिव्यांमधलं अंतर ३.९१ मिलिमीटर असेल तर त्याला 'पी ३.९१' म्हणतात, आणि अशा एका डब्यात आडवे १२८, उभे १२८ ठिपके असतात. आडवे दहा डबे आणि उभे चार लावले की भिंत होते पाच मीटर बाय दोन मीटर, म्हणजेच आपली सोळा बाय साडेसहा फूट. ठिपके १२८० × ५१२. प्रमाण अडीचास एक. १६:९ शी त्याचा काही संबंध नाही.

या भिंतीवर नेहमीचा फुल एचडी व्हिडिओ लावला तर काय होईल ते मोजून पाहा. फिट केलात तर चित्र ९१० ठिपके रुंद होईल आणि दोन्ही बाजूंना १८५-१८५ ठिपके काळे राहतील. म्हणजे प्रत्येक बाजूला जवळजवळ पाऊण मीटर भिंतीचं भाडं फुकट. फिल केलात तर वरून आणि खालून मिळून २९ टक्के चित्र जाईल. वरचा भाग गेला की फेटे जातात, खालचा गेला की लेझीम खेळणारे पाय. स्ट्रेच केलात तर प्रत्येक माणूस ४० टक्के रुंद. आरतीचं गोल तबक अंडाकृती दिसायला लागेल, आणि काकूंचं म्हणणं खरं ठरेल.

यावरचा उपाय मांडव घालायच्या आधीच करायचा असतो. एलईडीवाल्याला फोन करून तीन गोष्टी विचारायच्या. भिंत किती पिक्सेलची? फूट नकोत, पिक्सेल सांगा. ते त्याला सांगता येत नसतील तर डबे किती बाय किती आणि पी किती, तेवढं पुरे, गुणाकार आपण करू. दुसरं, चालवणार कशावरून: लॅपटॉप की थेट पेनड्राइव्ह? तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात: फाइल नेमक्या भिंतीच्या मापाची हवी, की १९२० × १०८० च्या चौकटीत डाव्या वरच्या कोपऱ्यात भिंतीएवढं चित्र बसवून हवं? पुष्कळ ठिकाणी लॅपटॉप फुल एचडी चित्रच बाहेर पाठवतो आणि भिंतीचं यंत्र त्यातला कोपऱ्यातला १२८० × ५१२ चा तुकडा तेवढा उचलतं. अशा ठिकाणी तुम्ही व्हिडिओ मधोमध ठेवलात तर भिंतीवर अर्धे गणपती आणि अर्धा अंधार. "बस, फाइल मोकलो, हूं सेट करी दईश" (फाइल पाठवा, मी सेट करून देईन) असं एलईडीवाल्या भाईंनी म्हटलं तरी हे तीन प्रश्न विचारूनच फोन ठेवा. त्यांच्याकडे सेट करायला तीच तीन बटणं असतात, वर सांगितलेली.

आकडे टाकायचे कुठे

प्रीमियर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये 'सिक्वेन्स' मेनूत 'सिक्वेन्स सेटिंग्ज' उघडा. वर 'एडिटिंग मोड' आहे, तो 'कस्टम' केला की फ्रेम साइजचे दोन रकाने मोकळे होतात. खाली 'पिक्सेल आस्पेक्ट रेशो' दिसेल, तिथे 'स्क्वेअर पिक्सेल्स' ठेवा. का ते पुढे येतंच. काम अर्ध्यावर असताना माप बदललंत तर जुन्या प्रीव्ह्यू फाइली पुसल्या जातील असा इशारा येतो. घाबरण्यासारखं काही नाही, त्या पुन्हा तयार होतात, मूळ चित्रण जात नाही.

खरी फसगत त्याआधी होते. टाइमलाइनवर, म्हणजे क्लिपा ओळीने मांडायच्या पट्टीवर (प्रीमियर तिलाच सिक्वेन्स म्हणतो), पहिली क्लिप टाकताच प्रीमियर विचारतो की क्लिप आणि सिक्वेन्स जुळत नाहीत, सिक्वेन्स बदलू का? घाईत 'चेंज सिक्वेन्स सेटिंग्ज' दाबलं की तुमचे १२८० × ५१२ गेले आणि क्लिपचं माप लागू झालं. इथे नेहमी 'कीप एक्झिस्टिंग सेटिंग्ज'.

डाविंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उजव्या खालच्या कोपऱ्यातलं चक्र दाबा, 'मास्टर सेटिंग्ज'मध्ये 'टाइमलाइन रिझोल्यूशन'ला 'कस्टम' निवडा. न जुळणाऱ्या फाइलींचं काय करायचं हेही तिथेच, 'इमेज स्केलिंग'मध्ये, एकदाच सगळ्यांसाठी ठरवता येतं: पूर्ण बसव, भरून काप, आहे तसं मधोमध ठेव, किंवा कोपऱ्यापर्यंत ताण. रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती ३८४० × २१६० च्या पुढे बाहेर काढू देत नाही, पण गल्लीतल्या भिंतीला तेवढं लागतही नाही. फुकट सॉफ्टवेअरच हवं असेल तर शॉटकटमध्ये 'सेटिंग्ज', 'व्हिडिओ मोड', 'कस्टम', 'अ‍ॅड' अशा वाटेने जाता येतं.

मोबाइलवरच्या बऱ्याच अ‍ॅपमध्ये ९:१६, १:१, १६:९ अशी तयार प्रमाणंच मिळतात, आकडे टाकायची जागा नसते. रीलला ते पुरतं. भिंतीला नाही, त्यासाठी कॉम्प्युटरवरच बसावं लागतं.

फाइल बाहेर काढताना एक्स्पोर्टच्या खिडकीत फ्रेम साइज पुन्हा विचारतात. टाइमलाइन १२८० × ५१२ आणि एक्स्पोर्टला तयार साच्यातलं १९२० × १०८० निवडलं, तर सगळं केलेलं पाण्यात. दोन्हीकडे तेच आकडे आहेत ना, एवढं बघायचं.

आकडा सम का लागतो?

समजा एलईडीवाल्याने १२८१ × ५११ असं काहीतरी कळवलं. ते सॉफ्टवेअरमध्ये टाकलंत तर एक्स्पोर्टला चूक दाखवली जाईल किंवा सॉफ्टवेअर गुपचूप एखादा ठिपका कमीजास्त करेल. कारण मजेशीर आहे. माणसाचा डोळा उजेड-अंधारातला फरक फार बारीक टिपतो, रंगातला तितका नाही. या दुबळेपणाचा फायदा घेऊन बहुतेक व्हिडिओ फाइलींमध्ये उजेड प्रत्येक ठिपक्याचा वेगळा नोंदतात, पण रंग दोन बाय दोन अशा चार ठिपक्यांना मिळून एकच. विषम आकडा आला की शेवटच्या ओळीला जोडीदार उरत नाही.

२००३ साली आलेली एच.२६४ ही व्हिडिओ कमी जागेत साठवण्याची पद्धत, जी आजही सगळीकडे चालते, चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन पाडून काम करते. गंमत म्हणजे आपलं लाडकं १०८० सुद्धा १६ ने भागलं जात नाही. म्हणून फाइलमध्ये आतून १०८८ रांगा साठवल्या जातात आणि दाखवताना आठ रांगा कापायची सूचना सोबत दिलेली असते. इतकी वर्षं आपण रोज पाहतो ते फुल एचडी असं थोडं कातरलेलं आहे. आपल्याला मात्र एवढंच पाळायचं: दोन्ही आकडे सम ठेवा, आणि १६ ने भागले जात असतील तर उत्तम. १२८० आणि ५१२ दोन्ही भागले जातात.

"पण फोरकेमध्ये शूट केलं तर प्रश्न मिटतो ना?"

अर्धा मिटतो, आणि तो अर्धा कामाचा आहे. आडव्या फुल एचडी चित्रणातून रीलसाठी उभा ९:१६ तुकडा कापला तर तो जेमतेम ६०७ ठिपके रुंद निघतो. त्याला १०८० पर्यंत फुगवावं लागतं आणि चेहरे मऊ पडतात. तोच तुकडा फोरकेमधून कापला तर १२१५ × २१६० चा मिळतो, रीलच्या १०८० × १९२० पेक्षा जास्तच. एकाच चित्रणातून भिंत, यूट्यूब आणि रील तिन्ही करायची असतील तर फोरके घ्यावं, यात वाद नाही.

पण भिंतीला फोरके फाइल द्यावी हा हट्ट मला कळत नाही. आपल्या भिंतीत सारे मिळून साडेसहा लाख ठिपके आहेत. फोरके चित्रात त्र्याऐंशी लाख. जास्तीचे ठिपके भिंतीवर उगवत नाहीत, यंत्र ते टाकून देतं, आणि जुना लॅपटॉप तेवढी फाइल चालवताना ऐन आरतीत अडखळतो ते वेगळंच. भिंत जवळून ठिपकेदार दिसते ती फाइलमुळे नाही, दिव्यांतल्या अंतरामुळे. ढोबळ हिशोब असा की जितके मिलिमीटरचं अंतर, तितके मीटर लांबून बघावं. पी ३.९१ ला चार मीटर. पहिल्या रांगेतल्या खुर्च्या मागे सरकवणं फोरकेपेक्षा स्वस्त पडतं.

न मिटणारा अर्धा भाग असा की आकार बदलल्यावर चित्राची मांडणीही बदलते. आडव्या चौकटीतून उभी कापली की मूळ चित्राचा तिसरा हिस्साही उरत नाही. सुरसागर तलावातली १११ फुटी शिवमूर्ती उभ्या चौकटीत आपोआप शोभते. खाली पाण्यातलं प्रतिबिंब, वर आकाश, मधे मूर्ती. तीच अडीचास एकच्या भिंतीवर पूर्ण उंचीची दाखवली तर मधोमध एक बारीक आकृती आणि दोन्हीकडे नुसतं पाणी. उलट लक्ष्मी विलास पॅलेसचा दर्शनी भाग या रुंद भिंतीवर असा पसरतो की वाटावं सयाजीरावांनी तो याच मापाने बांधून घेतला. त्याचीच रील करायला गेलात तर एक मनोरा आणि थोडी हिरवळ हाती लागते. म्हणून शूटिंगच्या वेळीच माहीत असलेलं बरं की हे कुठे दिसणार आहे. मूर्ती भिंतीवर घ्यायचीच असेल तर ती एका कडेला घ्या आणि उरलेल्या रुंदीत आरतीचे शब्द. तिथे एक जपा: देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार लागतात, त्यामुळे दोन ओळींमधली जागा इंग्रजीपेक्षा जास्त सोडावी लागते. ५१२ ठिपक्यांच्या उंचीत आरतीच्या चार ओळी नीट वाचता येतात. कडवं अख्खं एकदम दाखवायचा मोह टाळा.

"एआय आपोआप करतं की!"

करतं. प्रीमियरमधलं 'ऑटो रीफ्रेम' हलत्या माणसाचा माग काढत चौकट सरकवतं. एकच वक्ता बोलत असेल तर काम चांगलं होतं आणि वेळ खरंच वाचतो. लेझीम पथक किंवा गरब्याचं वर्तुळ दिलं की त्याचा गोंधळ उडतो, कारण तिथे बघायचं असतं ते अख्खं वर्तुळ. ते कधी हिच्यामागे धावतं, कधी तिच्यामागे. नवरात्रीच्या चित्रणावर मी ते वापरणार नाही.

"लोक पाठवतात त्या सगळ्या क्लिपा उभ्याच असतात, त्यांचं काय?"

हा सर्वांत रास्त आक्षेप. मंडळाच्या ग्रुपवर येतं ते सगळं हातात फोन उभा धरून घेतलेलं. प्रचलित उपाय म्हणजे मधे उभी क्लिप आणि दोन्ही बाजूंना तीच क्लिप मोठी करून धूसर पसरवलेली. मला तो आवडत नाही. पाच मीटरच्या भिंतीवर दोन्हीकडे रंगीत धूर हलत राहतो आणि नजर भलतीकडे जाते.

त्यापेक्षा गणित करा. ५१२ उंचीची उभी ९:१६ क्लिप बरोबर २८८ ठिपके रुंद होते. अशा चार शेजारी शेजारी लावल्या की ११५२, आणि १२८० मधले उरतात १२८, म्हणजे एका डब्याएवढी जागा. ती चार क्लिपांच्या मधे आणि कडेला वाटून द्या. चार घरचे चार गणपती एका वेळी, न कापलेले, न ताणलेले. कस्टम माप घेतल्याचा हा खरा फायदा: नेहमीच्या १६:९ मध्ये जे अडचणीचं वाटतं तेच इथे नीट बसतं.

उभ्या क्लिपांची एक खोड मात्र असते. फोन उभा धरला तरी बरेच फोन चित्र आडवंच साठवतात आणि सोबत 'दाखवताना नव्वद अंश फिरवा' अशी चिठ्ठी जोडतात. एखादं सॉफ्टवेअर ती चिठ्ठी वाचत नाही आणि माणसं आडवी झोपलेली दिसतात. क्लिप खराब नाही. हाताने नव्वद अंश फिरवा, झालं.

यूट्यूबला भलतं माप चालतं का?

चालतं. यूट्यूबचा प्लेअर व्हिडिओच्या आकाराप्रमाणे स्वतःला जुळवून घेतो आणि गरजेप्रमाणे रिकामी जागा स्वतःच सोडतो. म्हणून काळ्या पट्ट्या आपण चित्रातच भाजून द्यायच्या नाहीत. दिल्यात तर उद्या कुणी तो व्हिडिओ रुंद पडद्यावर पाहील तेव्हा चारही बाजूंनी काळं दिसेल.

जुन्या लग्नाची कॅसेट

मघाशी 'स्क्वेअर पिक्सेल्स', म्हणजे चौरस ठिपक्यांचं म्हटलं होतं. आपल्याकडच्या जुन्या डिजिटल कॅसेटी आणि डीव्हीडींचं चित्र ७२० × ५७६ चं. भागाकार केला तर १.२५ येतो, पण ते चित्र टीव्हीवर ४:३, म्हणजे १.३३ दिसायचं. फरक कुठे गेला? त्या पद्धतीत ठिपकाच चौरस नव्हता, किंचित रुंद होता. आजच्या स्क्रीनचे ठिपके चौरस असतात. त्यामुळे जुनं लग्न नव्या टाइमलाइनवर टाकलं आणि सॉफ्टवेअरला ठिपक्याचा आकार चुकीचा कळला, तर सगळं वऱ्हाड थोडं सडपातळ होतं. याबद्दल तक्रार कुणी करत नाही हा भाग निराळा. बरोबर करायचं असेल तर क्लिपवर 'डीव्ही पाल' हा ठिपका सांगा आणि टाइमलाइनचा ठिपका चौरसच ठेवा; पन्नाशीच्या सत्काराला जुनं लग्न भिंतीवर लावणार असाल तर हे आधी तपासा.

लावून बघायचं कसं

भिंत उभी राहिली की पहिला व्हिडिओ गणपतीचा लावू नका. टाइमलाइनच्या मापाचं एक साधं चित्र बनवा: अगदी कडेवर चारही बाजूंनी दोन ठिपक्यांची पांढरी रेघ, मधे एक मोठं वर्तुळ, चार कोपऱ्यांत १, २, ३, ४ असे आकडे. भिंतीवर वर्तुळ गोल दिसलं तर आकार बरोबर. चारही रेघा दिसल्या तर काही कापलं जात नाही. एखादा आकडा गायब असेल तर कोणता कोपरा सुटला ते लगेच कळतं, आणि भाईंशी बोलायला तक्रारीपेक्षा आकडा बरा: "दोन आणि चार दिसत नाहीत" म्हटलं की ते सरळ यंत्राकडे वळतात.

एवढं करूनही ऐनवेळी दोन उभ्या रांगा डबे कमी येतात, कारण त्या दिवशी साऱ्या बडोद्यात एलईडी लागलेल्या असतात. दहाऐवजी आठ आडवे डबे म्हणजे भिंत १०२४ × ५१२. अशा वेळी जुन्या टाइमलाइनमधल्या क्लिपा एकेक हलवत बसू नका. १०२४ × ५१२ ची नवी टाइमलाइन करा आणि तिच्यात जुनी अख्खी टाइमलाइन एक क्लिप म्हणून टाका, मोठी-छोटी न करता, मधोमध. उंची तीच राहते, दोन्ही कडांचे १२८-१२८ ठिपके तेवढे बाहेर जातात. देणगीदारांची नावं पहिल्यापासून कडेच्या डब्यावर ठेवली नसतील तर फाइल पुन्हा बाहेर काढायची आणि पेनड्राइव्ह द्यायचा, एवढंच काम उरतं.